रिकार्डोचे उदाहरण आणि मेथ्यूएनचा तह

तौलनिक परिव्ययाचा सिद्धांत शिकविताना इंग्लंडचे कापड व पोर्तुगालचे मद्य यांचे उदाहरण आजही दिले जाते. डेव्हिड रिकार्डो यांनी ते १८१७ साली आपल्या ग्रंथातील परराष्ट्रीय व्यापारावरील प्रकरणात मांडले. परंतु हा व्यापार तत्पूर्वी शतकाहून अधिक काळ एका तहाच्या आधाराने चालू होता, याचे स्मरण क्वचितच ठेवले जाते.

प्रथम रिकार्डो यांचे गणित पाहू. ठराविक परिमाणाचे कापड विणण्यास इंग्लंडात १०० व पोर्तुगालात ९० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात. त्याच्या मोबदल्यात द्यावयाच्या मद्यास अनुक्रमे १२० व ८०. दोन्ही वस्तूंत पोर्तुगाल सरस आहे. मग त्याने कापड आयात का करावे? एका वस्तूसाठी दुसरीचा जो त्याग करावा लागतो, तो तिचा पर्यायी परिव्यय होय. मद्याच्या एका परिमाणासाठी इंग्लंडला कापडाच्या १.२ परिमाणांचा त्याग करावा लागतो. पोर्तुगालला केवळ ८/९ परिमाणाचा. एकास एक या दराने विनिमय झाल्यास इंग्लंडचे २० व पोर्तुगालचे १० माणसांचे श्रम वाचतात. रिकार्डो यांचा हिशेब श्रमाचा आहे. पर्यायी परिव्ययाच्या परिभाषेत त्याची पुनर्मांडणी गॉटफ्रीड हाबर्लर यांनी १९३० नंतरच्या दशकात केली.

आता इतिहासाकडे वळू. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात एरिसेइराच्या काउंटने पोर्तुगालात लोकरी कापडाच्या कारखान्यांना उत्तेजन दिले व परदेशी कापडाच्या वापरावर निर्बंध आणविले. १६९० मध्ये तो मरण पावला. त्याच दशकात ब्राझीलमध्ये सोने सापडले. पुढे स्पॅनिश वारसायुद्धात इंग्लंड व पोर्तुगाल एका पक्षात आले आणि २७ डिसेंबर १७०३ रोजी जॉन मेथ्यूएन यांनी लिस्बन येथे तह केला. पोर्तुगालने इंग्रजी लोकरी कापडास प्रवेश दिला. इंग्लंडने पोर्तुगीज मद्यावरील जकात फ्रेंच मद्यावरील जकातीपेक्षा एक-तृतीयांशाने कमी ठेवण्याचे मान्य केले. म्हणजे इंग्लंडच्या बाजारात पोर्तुगीज मद्यास जे स्थान मिळाले, त्यात हवामानाइतकाच जकातीचाही वाटा होता. शिवाय केवळ मद्याच्या निर्यातीने कापडाची किंमत भागत नव्हती. उरलेली तूट ब्राझीलच्या सोन्याने भरून निघे, आणि ते सोने आफ्रिकेतून आणलेले गुलाम खणून काढीत. रिकार्डो यांच्या चार आकड्यांत या श्रमाची नोंद नाही.

यावरून सिद्धांत असत्य ठरतो काय? मुळीच नाही. परिव्यय गृहीत धरले, तर विशेषीकरणाचा लाभ निर्विवाद आहे. मात्र ते परिव्यय कसे घडले, हे तो सांगत नाही. या मर्यादेची रिकार्डो यांना जाणीव होती. भांडवल देशाची सीमा सहजी ओलांडीत नाही, हे गृहीत त्यांनी स्पष्ट नमूद केले; ते मोकळेपणी हलते, तर कापड व मद्य दोन्ही पोर्तुगालातच तयार करणे फायद्याचे ठरले असते, असेही त्यांनी म्हटले आहे.

तहामुळेच पोर्तुगीज लोकर-उद्योग मागे पडला काय, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु विणकामाचे कौशल्य वर्षानुवर्षांच्या सरावाने येते आणि सराव सुटला की लोपते. अशा कौशल्याचा त्याग हाही मद्याचा पर्यायी परिव्ययच होय. एका वर्षाच्या श्रमगणनेत तो दिसत नाही, एवढेच. विशेषीकरणाच्या लाभाचे मोजमाप करणाऱ्या अभ्यासकाने म्हणूनच दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत: आजच्या परिव्ययानुसार लाभ किती, आणि हे परिव्यय कोणत्या तहांनी, जकातींनी व कोणाच्या श्रमांनी घडविले. पहिल्याचे उत्तर गणिताने मिळते. दुसऱ्यासाठी दप्तरे उघडावी लागतात.