ड्रोन, सेन्सर, ठिबक: शेती अवजारांचा डीलर नेमकं काय विकतो?

शीळफाट्यावरून कल्याणच्या रस्त्याला लागलं की टॉवर आणि गोदामं दिसतात. कल्याण ओलांडून मुरबाड किंवा शहापूरकडे गेलं की भातखाचरं सुरू होतात. पॉवर टिलर आणि फवारणी पंप विकणाऱ्या दुकानांत आता ड्रोन, सेन्सर आणि स्वयंचलित ठिबकचीही चौकशी होऊ लागली आहे. पण हे तंत्रज्ञान विकायची पद्धत पंपापेक्षा वेगळी आहे. ती समजून घेतली नाही, तर फटका शेतकऱ्यालाच बसतो.

काटेकोर शेती म्हणजे काय?

पाणी, खत आणि औषध सगळ्या शेताला सरसकट न देता, जिथे गरज आहे तिथे आणि हवं तेवढंच देणं. उदाहरणार्थ, नाशिकच्या द्राक्षबागांत बसवलेले सेन्सर जमिनीतला ओलावा आणि पान किती वेळ ओलं राहिलं हे मोजतात. त्यावरून डाउनीचा धोका कळतो आणि फवारणी कधी करायची ते ठरवता येतं.

विक्री कशी होते?

पहिली पायरी असते प्रात्यक्षिक. चिखलात न उतरता ड्रोनने फवारणी होते, हे स्वतःच्या खाचरात पाहिल्याशिवाय सहसा कुणी पैसे काढत नाही.

दुसरी पायरी अनुदानाची. महाराष्ट्रात ठिबकसाठी अल्प आणि अत्यल्प भूधारकांना ८० टक्के, तर इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. ही टक्केवारी डीलरच्या बिलावर नाही, तर योजनेने ठरवलेल्या खर्चमर्यादेवर मोजली जाते. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. अनेकदा डीलरच कागदपत्रं जमवून देतो, पण पूर्वसंमती येण्याआधी खरेदी केली तर अनुदान हातचं जाऊ शकतं. ‘आधी माल न्या, मंजुरी नंतर येईल’ असं कुणी म्हणालं, तर थांबा.

तिसरा मार्ग भाड्याचा. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार राज्यातलं सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे. एवढ्या जमिनीसाठी ड्रोन विकत घेणं परवडत नाही. त्यामुळे अवजार बँका, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि बचत गट हे डीलरचे महत्त्वाचे ग्राहक ठरतात. ते एकराच्या दराने फवारणी करून देतात.

विक्रीनंतर काय लागतं?

- ठिबक: पंपाचा दाब आणि जमिनीचा उतार पाहून आराखडा, फिल्टरची सफाई, आम्ल प्रक्रिया.
- सेन्सर: सिमकार्ड, ॲपची वार्षिक वर्गणी, चुकीचं मोजमाप येऊ लागल्यास दुरुस्ती. वर्गणी संपली की सल्ला बंद होऊ शकतो.
- ड्रोन: जादा बॅटऱ्या, नोझल, पंखे आणि प्रशिक्षित चालक. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार फवारणीचा ड्रोन उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं.

केंद्राची ‘नमो ड्रोन दीदी’ योजना पाहिली की हे लक्षात येतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत महिला बचत गटांना ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये मदत आहे. मात्र संचात फक्त ड्रोन नाही. चार जादा बॅटरी संच, एक वर्षाची जागेवरची वॉरंटी, एक वर्षाचा विमा आणि दोन वर्षांचा देखभाल करारही आहे. शिवाय १५ दिवसांचं प्रशिक्षण. म्हणजे विक्रीनंतरची सेवा किमतीतच धरली आहे.

खासगी खरेदीत हे सगळं आपणच विचारून घ्यावं लागतं. कारण रोग पसरू लागला की फवारणीला मोजकेच दिवस मिळतात. त्या दिवसांत ड्रोन बंद पडला आणि सुटा भाग यायला आठवडा लागला, तर अनुदान मिळूनही पीक वाचत नाही.

खरेदीआधी डीलरला काय विचाराल?

- जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे आणि मेकॅनिक किती तासांत येईल?
- हंगामात यंत्र बंद पडलं तर बदली यंत्र मिळेल का?
- वर्गणी, बॅटरी आणि देखभालीचा दुसऱ्या वर्षापासूनचा खर्च किती?
- ॲप मराठीत आहे का?

ही उत्तरं कोटेशनवर लेखी घ्या. शक्य असेल, तर त्याच डीलरकडून गेल्या वर्षी यंत्र घेतलेल्या शेतकऱ्याला भेटून या.