दांडीच्या वाटेवरचे तीन सोमवार

माझा पुतण्या सध्या अ‍ॅपलेशियन ट्रेलवर आहे. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला, "काका, आज झिरो डे." म्हणजे आज शून्य मैल, पाय वर करून बसायचं. आवाज जरा ओशाळलेला होता. सोबतची मंडळी पुढे निघून गेली होती ना! मी त्याला दांडीयात्रेची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगतो.

१२ मार्च १९३०, बुधवार. गांधीजी साबरमती आश्रमातून निघाले. वय ६० पूर्ण, सोबत निवडलेले सुमारे ८० सत्याग्रही. दांडी साधारण ३८५ किलोमीटरवर. ५ एप्रिलला पोचायचं आणि ६ तारखेला, राष्ट्रीय सप्ताहाच्या पहिल्या दिवशी, मीठ उचलायचं. म्हणजे मुक्काम हुकून चालणार नव्हतं. तरीही दर सोमवारी चालणं बंद! १७ मार्चला आणंद, २४ ला सामनी, ३१ ला देलाड.

सोमवार हा गांधीजींचा मौनाचा वार. तो त्यांनी यात्रेतही सोडला नाही. त्या दिवशी पत्रं आणि लेख लिहून व्हायचे. बाकीच्यांना सुट्टी होती असं मात्र समजू नका. प्रार्थना, सूतकताई आणि रोजनिशी हे तिन्ही रोजचे नेम होते.

आणंदचा सोमवार फार वेळेवर आला म्हणायचा. पाचच दिवस झाले होते आणि तरुणांच्या पायांना फोड आले होते, काही जण आजारी पडले होते. म्हातारा मात्र ठणठणीत! त्यांच्यासाठी एक घोडा बरोबर ठेवला होता, त्यावर ते बसलेच नाहीत. दोन टप्प्यांत दिवसाला बारा मैल, तेही थोडक्या सामानानिशी, हा पोरखेळ आहे आणि हल्लीची पिढी नाजूक आहे, असा त्यांचा शेरा होता. (हे वाक्य आपल्याकडे कुठल्या घरात ऐकू येत नाही?) पण शेरा मारला तरी सोमवार काही रद्द झाला नाही.

या तुकडीत आपलेही लोक होते. पंडित नारायण मोरेश्वर खरे हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य आणि आश्रमाचे संगीतशिक्षक. वाटेवर भजनं तेच म्हणवून घेत. 'आश्रम भजनावली' त्यांनीच संकलित केली.

तिसऱ्या सोमवाराआधीचा प्रसंग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. अरुण टुकडी नावाचं विद्यार्थ्यांचं पथक पुढे जाऊन गावोगावची व्यवस्था बघत असे. जेवण अगदी साधं असावं, असं गावांना आधीच कळवलेलं होतं. तरी सरबराई वाढत गेली. सुरतेहून मोटारलॉरीनं दूध आलं. रात्रीच्या चालीत एका मजुराच्या डोक्यावर किटसनची जड बत्ती देऊन त्याला पळवलं गेलं. २९ मार्चला भाटगामच्या सभेत गांधीजींनी हे सगळं उघड बोलून दाखवलं. गरिबांच्या नावानं निघालेली यात्रा जर अशी चालणार असेल, तर व्हाइसरॉयच्या पगारावर बोट ठेवायचा आपल्याला काय अधिकार, असा त्यांचा सवाल होता. त्या बोलण्यात त्यांनी स्वतःलाही सोडलं नाही.

रविवारी रात्री देलाडला मुक्काम पडला. सोमवारी कुणी चाललं नाही. मंगळवारी संध्याकाळी यात्रा सुरतेत शिरली.

पुतण्याचा काल मेसेज आला, पायाचे फोड बसलेत.