एका हिरव्या रेषेचा प्रवास

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत आपल्या उपनगरांवर रात्री दिव्यांचा इतका लखलखाट असतो की आकाशात मोजकेच तारे उरतात. तरीही हिवाळ्यात मृग नक्षत्र ओळखता येते. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांजवळ एक पुसट तेजोमेघ आहे. त्याच्या प्रकाशाविषयीचा एक वाद सोडविण्यात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुण्याचाही वाटा होता.

१८६४ साली इंग्लंडमधील विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. ताऱ्यासारखा सलग रंगपट्टा न दिसता त्यांना काही सुट्या, तेजस्वी रेषा दिसल्या. तेजोमेघ म्हणजे प्रकाशणारा वायू, हे सिद्ध झाले. परंतु त्यांतील ठळक हिरवी रेषा कोणत्या पदार्थाची? नॉर्मन लॉकियर म्हणत, तापलेल्या उल्कापाषाणांतील मॅग्नेशियमची. तसे असेल तर रेषेची एक कड पसरट दिसायला हवी होती. रेषा रेखीव की पसरट, यावर सारा निर्णय अवलंबून होता.

याच सुमारास पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा उभी राहिली. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी तिला ५,००० रुपयांची देणगी दिली होती. तिचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला पूर्वी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवीत. वेधशाळेसाठी त्यांनी सल्ला घेतला तो लॉकियर यांचाच. दुर्बिणीतून मृगातील तेजोमेघ न्याहाळून १८९१ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला : रेषा रेखीवच आहे. ज्यांनी वाट दाखविली त्यांच्या मताविरुद्ध, डोळ्यांना दिसले तेच त्यांनी लिहिले.

त्यांच्या निवृत्तीबरोबर १९१२ साली वेधशाळा बंद झाली व उपकरणे कोडाईकनालला गेली. रेषेचे कोडे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी सोडविले. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन अतिविरळ वायूत असा हिरवा प्रकाश देतो.

दरम्यान, १९०८ साली एडवर्ड फाथ यांना एका दूरच्या दीर्घिकेच्या गाभ्यात तेजोमेघासारख्याच तेजस्वी रेषा आढळल्या होत्या. १९४३ मध्ये कार्ल सायफर्ट यांनी अशा सहा दीर्घिका तपासल्या. येथे मात्र रेषा रुंद होत्या. आपल्याकडे येणाऱ्या वायूचा प्रकाश निळ्याकडे सरकतो, दूर जाणाऱ्याचा तांबड्याकडे. दोन्ही एकत्र आले की रेषा फुगते. काही हायड्रोजन रेषांची रुंदी सेकंदाला ८,५०० किलोमीटरपर्यंतची होती. आज आपण जाणतो की अशा गाभ्यात लक्षावधी ते अब्जावधी सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर असते. त्याच्याजवळचा वायू प्रचंड वेगाने फिरतो, म्हणून त्याच्या रेषा अतिशय रुंद. ऑक्सिजनची हिरवी रेषा दूरच्या विरळ वायूतून येते, म्हणून ती त्यांहून अरुंद.

पुणे जिल्ह्यात हे कार्य आजही चालू आहे. नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या रेडिओलहरी टिपतात. दीर्घिकांतील थंड हायड्रोजन कोणत्या दिशेने व किती वेगाने जातो, हे तेथील वर्णपटांवरूनही वाचता येते.

साधने बदलली, तरी रेषा रेखीव की रुंद, हा प्रश्न आजही विचारला जातो. नायगमवालांनी त्याचे जे उत्तर दिले, त्यामागील प्रामाणिकपणा आपल्या मुलांना सांगावा असा आहे. गुरूविषयी आदर आणि सत्याविषयी निष्ठा ही एकाच मनात नांदू शकतात.