बळ काढून घेणारी भीती

इंग्रजीत भीतीसाठी शब्दांची वाण नाही. फिअर आहे, टेरर आहे, पॅनिक आहे. या गर्दीत ‘डिस्मे’ हा शब्द जरा बाजूला उभा असतो. भय, खिन्नता, निराशा असे दोन-तीन मराठी शब्द एकत्र केले तरी त्याचा अर्थ पुरता हाती लागत नाही. भ्यालेला माणूस पळतो, ओरडतो, प्रसंगी उलटून वारही करतो. ‘डिस्मे’ने ग्रासलेला माणूस यातले काहीच करत नाही. तो मटकन खाली बसतो. ‘त्याने हाय खाल्ली’ असे आपण म्हणतो, ती ही अवस्था.

असे का, याचे उत्तर शब्दाच्या पोटातच आहे. प्राचीन जर्मानिक भाषांमध्ये ‘मागान’ असे क्रियापद होते. त्याचा अर्थ समर्थ असणे, करू शकणे. इंग्रजीतला ‘मे’ म्हणजे करू शकणे आणि ‘माइट’ म्हणजे सामर्थ्य, हे दोन्ही शब्द याच कुळातले. पाचव्या शतकात रोमन सत्ता ढासळत असताना फ्रँक नावाच्या जर्मानिक टोळ्या आजच्या फ्रान्समध्ये स्थिरावल्या. तिथल्या बोलीभाषेतील लॅटिनने त्यांचे अनेक शब्द उचलले. जर्मानिक ‘मागान’ला ‘बाहेर, काढून’ या अर्थाचा लॅटिन उपसर्ग लागला आणि ‘एक्समागारे’ म्हणजे बळ काढून घेणे, असे क्रियापद बनले. हे रूप कुठल्या जुन्या लेखात सापडत नाही. नंतरच्या भाषांवरून अभ्यासकांनी ते बांधले आहे. त्याची लेकरे मात्र आजही नांदत आहेत. स्पॅनिशमध्ये ‘देस्मायो’ म्हणजे चक्क मूर्च्छा. फ्रेंचमध्ये ‘एम्वा’ म्हणजे मनाची कालवाकालव.

इंग्लंडात हा शब्द पोहोचला तो जेत्यांच्या भाषेतून. १४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मंडीच्या विल्यमने राजा हॅरल्डचा पराभव केला. गंमत अशी, की बळ गळण्याचा आणि ते परत येण्याचा प्रकार त्या रणांगणावरच घडला. लढाई ऐन रंगात असताना विल्यम पडल्याची आवई उठली आणि त्याचे सैनिक मागे हटू लागले. तेव्हा विल्यमने शिरस्त्राण वर करून आपला चेहरा दाखवला आणि फौज पुन्हा उभी राहिली. बायो गावात जपलेल्या, सुमारे ७० मीटर लांबीच्या भरतकामाच्या पटावर हा प्रसंग चितारलेला आहे. संध्याकाळी हॅरल्ड पडला, तेव्हा मात्र ती आवई नव्हती. इंग्रज फौजेचे अवसान गळाले. पानिपतावर १७६१ साली विश्वासराव पडल्यावर काय झाले, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

त्यानंतर सुमारे तीन शतके इंग्लंडच्या दरबारात आणि न्यायालयांत फ्रेंचचा वरचष्मा राहिला. इसवी सन १३००च्या सुमारास ‘डिस्मे’ इंग्रजीत दिसू लागतो. म्हणजे पाहा, एक जर्मानिक धातू फ्रान्सला गेला, लॅटिन वेश चढवून फ्रेंच झाला आणि समुद्र ओलांडून इंग्रजीत आला. तिथे ‘मे’ आणि ‘माइट’ ही त्याची भावंडे आधीपासूनच घरात होती. पण ओळख पटली नाही. आजही कितीतरी इंग्रज माणसांना ‘डिस्मे’मध्ये आपला रोजचा ‘मे’ दडला आहे याची कल्पना नसते.

१६११ साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतराने हा शब्द घरोघरी नेला. मोशेच्या मृत्यूनंतर यहोशवाकडे नेतृत्व येते, तेव्हा त्याला भिऊ नकोस असे सांगितले जाते आणि त्याला जोडूनच खचू नकोस, असेही. भाषांतरकारांनी दुसऱ्या ठिकाणी ‘डिस्मे’ वापरला. मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थ आहे मोडून पडणे. भिणे आणि मोडून पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तिथे स्पष्ट दिसते.

आपल्या परंपरेलाही हा भेद ठाऊक आहे. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा. ‘विषाद’ शब्दातला ‘सद्’ हा धातू बसणे, खाली जाणे या अर्थाचा. अर्जुनाचे अवयव गळतात, गांडीव हातातून निसटते आणि तो रथात बसतो. ‘हातपाय गळाले’, ‘कंबर खचली’, ‘धीर सुटला’ हे आपले रोजचे बोलही शरीरातून जाणाऱ्या बळाविषयीच बोलतात.

आता इंग्रजीत ‘डिस्मे’ बराच सौम्य झाला आहे. परराष्ट्र खात्याची पत्रके तो नाराजीसाठी वापरतात. मूळ अर्थ मात्र विसरण्यासारखा नाही. परीक्षेत नापास झालेला मुलगा, नोकरी गेलेला बाप, पीक बुडालेला शेतकरी यांना ‘घाबरू नका’ एवढेच म्हणून भागत नाही. त्यांचा प्रश्न नुसत्या भीतीचा नसतो. आपल्याला आता काही जमणार नाही, असे त्यांना वाटत असते. अशा वेळी उपदेशापेक्षा त्यांच्या हातून होईल असे एखादे लहानसे काम समोर ठेवावे आणि ते होईपर्यंत शेजारी बसावे. ‘करू शकतो’ हे बळ अशानेच हळूहळू परत येते.