घोडे मोजायचे कसे?

गावाकडे विहिरीवर पाच एचपीची मोटर असते, आणि इथे खोबरच्या कॉर्निशवर तीनशे एचपीची गाडी शेजारून सुसाट जाते. हे घोडे कोण मोजतं आणि त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, ते आज पाहू.

जेम्स वॉटला आपली वाफेची इंजिनं घोडे बाळगणाऱ्यांना विकायची होती. म्हणून १७८० च्या दशकात त्याने हिशेब मांडला: एक घोडा मिनिटाला ३३,००० फूट-पाउंड काम करतो. साधा घोडा दिवसभर एवढं काम रेटू शकत नाही, पण एकक रूढ झालं. म्हणजे अश्वशक्तीचा जन्मच विक्रीसाठी झाला!

मोजायचं साधन नंतर आलं. १८२१ मध्ये फ्रेंच अभियंता प्रोनी याने फिरत्या दांड्यावर लाकडी ब्रेक आवळला आणि तो किती जोराने ओढला जातो ते वजन लावून मोजलं. 'बीएचपी'मधला 'बी' म्हणजे हाच ब्रेक. १८७७ मध्ये इंग्लंडच्या विल्यम फ्राउडने लाकडाऐवजी पाण्याचा अडथळा वापरला. ही झाली डायनॅमोमीटरची, म्हणजे आपल्या 'डायनो'ची वंशावळ.

पण यंत्र अचूक असूनही आकडा फसवू शकतो. अमेरिकेत १९७१ पर्यंत बहुतेक कंपन्या 'ग्रॉस' शक्ती सांगत: इंजिन सुटं ठेवून, गाडीतला सायलेन्सर आणि इतर ओझं न लावता मोजलेली. पुढच्या वर्षी 'नेट' आकडे आले. कॅडिलॅक एल्डोराडोचं ८.२ लिटरचं इंजिन ३६५ वरून एकदम २३५ वर उतरलं. इंजिन तेच होतं, बदलली होती फक्त मोजणी.

उलटंही घडलं. १९९९ ची फोर्ड मस्टँग कोब्रा ३२० अश्वशक्तीची म्हणून विकली गेली. मालकांनी डायनोवर तपासलं, तर आकडा जुळेना. शेवटी फोर्डला गाड्या परत बोलावून दुरुस्त कराव्या लागल्या. ग्राहकाच्या हाती मोजमाप आलं की असं होतं.

मग आपण काय लक्षात ठेवायचं? पुण्याच्या एआरएआयसारख्या १९६६ पासूनच्या संस्थेत इंजिन चाचणी-बाकावर बसवून शक्ती मोजतात. गॅरेजमध्ये गाडी रोलरवर चढवतात, तिथे चाकापर्यंत पोहोचलेली शक्तीच कळते. गिअर आणि टायरमध्ये काही वाया गेलेली असते. 'पंधरा टक्के धरा' म्हणून ती परत मिळवणं हा निव्वळ अंदाज. एक रोलर जड ड्रमला किती वेगाने फिरवलं यावरून शक्ती काढतो, दुसरा ब्रेक लावून. दोघांचे आकडे जुळतीलच असं नाही.

त्यात आपला उन्हाळा. ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ६ टक्के विरळ असते, आणि दमटपणा वेगळाच. म्हणून आकडा ठरावीक हवामानावर आणतात. पण जुन्या अमेरिकी पद्धतीने दुरुस्ती केली, तर तो नव्या पद्धतीपेक्षा सुमारे ४ टक्के जास्त दिसतो.

तेव्हा थुकबात गाडी ट्यून करून घेताना तीन गोष्टी विचारा: शक्ती चाकावरची की इंजिनची? दुरुस्ती कुठल्या पद्धतीची? आणि आधीची मोजणी याच डायनोवर, अशाच हवेत झाली होती का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर वाढलेल्या घोड्यांसाठी रियाल मोजण्याची घाई करू नका.