आई गेल्यावर मोझार्टने काय लिहिलं? तारखा, पत्रं आणि कागद

‘आईच्या मृत्यूनंतर मोझार्टने ए मायनर सोनाटा लिहिला.’ हे वाक्य तुम्हाला सीडीच्या कव्हरवर सापडेल, यूट्यूबच्या वर्णनात सापडेल, आणि थोड्याफार फरकाने बऱ्याच चरित्रांतही सापडेल. सोनाटा एकदा ऐकला की ते पटतंसुद्धा. पियानोचा डावा हात सुरुवातीपासून एकाच जागी ठोकत राहतो, वरची सुरावट टोचते, शेवटची मूव्हमेंट तर थांबायलाच तयार नसते. मोझार्टच्या पूर्ण झालेल्या पियानो सोनाटांपैकी फक्त दोन मायनर स्वरसप्तकात आहेत, त्यातला हा पहिला. मग दुःखातून आला असणारच, नाही का?

या वाक्यातला ‘नंतर’ हा शब्द आज आपण तपासायचा आहे. इतिहासाचा विषय विज्ञानाच्या विद्यार्थ्याने का घ्यावा, असं विचाराल. तर प्रपोजल लिहिताना आपण सगळेच ‘नंतर’ लिहितो आणि मनात ‘मुळे’ वाचतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर दोष कावळ्याला. इथे तर फांदी मोडली तेव्हा कावळा आला होता की नाही, हेच आधी ठरायचं आहे.

२३ सप्टेंबर १७७७ ला एकवीस वर्षांचा वोल्फगांग मोझार्ट आई आना मारियाबरोबर साल्झबुर्गहून नोकरीच्या शोधात निघाला. वडील लिओपोल्ड मागे राहिले, कारण साल्झबुर्गच्या आर्चबिशपकडची त्यांची नोकरी सुटून चालणार नव्हतं. म्युनिक, आउग्सबुर्ग, मॅनहाइम असं करत मायलेक २३ मार्च १७७८ ला पॅरिसला पोचले. आईला खरं तर मॅनहाइमहून घरी परतायचं होतं. पण मुलगा तिथे आलोइझिया वेबर या गायिकेच्या प्रेमात पडला होता आणि त्याला एकट्याला सोडणं वडिलांना (आणि आईलाही) धोक्याचं वाटलं. पॅरिसमध्ये आईच्या वाट्याला अंधारी खोली आली. मुलगा दिवसभर कामासाठी बाहेर, हिला फ्रेंच येत नाही. तुरुंगात असल्यासारखी बसून असते, असं तिने एप्रिलमध्ये नवऱ्याला कळवलं होतं. जूनमध्ये ती आजारी पडली. त्या काळच्या रीतीप्रमाणे शीर कापून रक्त काढलं गेलं. ३ जुलै १७७८ च्या रात्री ती गेली. वय ५७.

इथून पुढे कागदपत्रं बोलतात, आणि फार चमत्कारिक बोलतात. त्याच रात्री मोझार्टने दोन पत्रं लिहिली. एक साल्झबुर्गमधले कुटुंबाचे स्नेही बुलिंगर यांना: आई गेली, तुम्ही वडिलांकडे जा आणि त्यांच्या मनाची तयारी करा. दुसरं खुद्द वडिलांना: आई फार आजारी आहे, देवावर भरवसा ठेवूया. आणि मग त्याच पत्रात पुढे पॅरिसमध्ये गाजलेल्या नव्या सिम्फनीची हकिकत येते. १८ जूनला ती वाजली, लोकांनी कुठे टाळ्या दिल्या, नंतर तो आइस्क्रीम खायला गेला, ठरवल्याप्रमाणे जपमाळ ओढली. व्होल्टेअर वारल्याची बातमीसुद्धा आहे. बाजूला आईचं प्रेत आणि कागदावर टाळ्यांचं वर्णन.

हे पत्र वाचून काही चरित्रकारांनी मोझार्टला थंड काळजाचा ठरवलं. मला ते घाईचं वाटतं. पत्र हा काही मनाचा एक्स-रे नसतो; ते कुणाला तरी, कशासाठी तरी लिहिलेलं असतं. वडिलांचं पत्र धक्का पुढे ढकलायला लिहिलं होतं, आणि नेहमीसारखं वाटावं म्हणून त्यात नेहमीच्या गप्पा हव्याच होत्या. आपल्याकडे एकच पत्र उरलं असतं तर? बुलिंगरचं हरवून फक्त वडिलांचं टिकलं असतं, तर ३ जुलैच्या रात्री आना मारिया जिवंत होती असा ‘पुरावा’ आपण दाखवला असता. म्हणून एकाच साधनावर कधी उभं राहू नये असं जुने लोक सांगतात.

तिकडे साल्झबुर्गमध्ये लिओपोल्ड १२ जुलैला बायकोच्या नावदिवसाच्या शुभेच्छांचं पत्र लिहायला बसले होते. २६ जुलैला तिचा नावदिवस, टपालाला वेळ लागतो म्हणून लवकर. ते पत्र पुरं व्हायच्या आत, दुसऱ्या दिवशी मुलाचं पत्र हातात पडलं आणि त्यांनी ओळखलं. त्याच कागदावर शुभेच्छांखाली पुढचा मजकूर सुरू होतो. अभिलेखागारात असं काही वाचलं की थोडा वेळ बाहेर चक्कर मारून यावं लागतं.

आता कामाकडे. आई गेल्यावर हा माणूस पुन्हा लिहायला कधी बसला? याचं सर्वांत पक्कं उत्तर सोनाटात मिळत नाही. ते ९ जुलैच्या पत्रात आहे. या पत्रात मोझार्टने वडिलांना खरी बातमी दिली, फसवल्याबद्दल क्षमा मागितली, आणि पुढे कामाचंही लिहिलं. कार्यक्रमाचे संचालक लग्रो यांना त्या सिम्फनीची संथ मूव्हमेंट, म्हणजे अँडान्टे, लांबलचक वाटत होती. म्हणून त्याने दुसरी लिहून दिली; दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत, पण आपल्याला नवी जास्त आवडते, असं तो म्हणतो. म्हणजे आई जाऊन सहा दिवस झालेले (आपल्या हिशोबाने दहावंसुद्धा नाही) आणि तो स्वतःच्या दोन रचनांची तुलना करून मत देतोय. नवी अँडान्टे १८ जून आणि ९ जुलैच्या मधे कधीतरी लिहिली गेली, म्हणजे आजारपणात किंवा मृत्यूनंतरच्या आठवड्यात. आज या सिम्फनीच्या दोन अँडान्टे उपलब्ध आहेत, मूळ कुठली आणि बदली कुठली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण दोन्ही शांत, प्रसन्न मेजरमध्ये आहेत. आक्रोश कुठल्याच नाही.

आणि सोनाटा? त्याच्या हस्तलिखितावर मोझार्टने स्थळ आणि वर्ष घातलं: पॅरिस, १७७८. महिना नाही, दिवस नाही. मोझार्ट पॅरिसमध्ये २३ मार्च ते २६ सप्टेंबर होता. मोजून बघा: आईच्या मृत्यूपर्यंत १०२ दिवस, त्यानंतर ८५. सोनाटा या १८७ दिवसांत कुठेही बसू शकतो, आणि दिवसांचं पारडं झालंच तर ‘आधी’च्या बाजूला किंचित झुकतं. ‘नंतर’ म्हणण्यासाठी आपल्या हातात केवळ सोनाटाचा सूर आहे. म्हणजे रचना दुःखी आहे म्हणून ती मृत्यूनंतरची, आणि मृत्यूनंतरची आहे म्हणून ती दुःखाची. हे वर्तुळ झालं. एक खरा धागा मात्र आहे, त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. आईच्या दफनाच्या नोंदीवर मोझार्टबरोबर फ्रांस्वा हाइना या वादकाची सही आहे. आजारपणात धावून आलेला तो स्नेही. १७८२ च्या सुमाराला हा सोनाटा पॅरिसमध्ये छापला गेला तो त्याच हाइना कुटुंबाच्या प्रकाशनातून.

वर्तुळ किती फसवं असतं हे बघायचं तर नऊ वर्षं पुढे जाऊ. २८ मे १७८७ ला लिओपोल्ड साल्झबुर्गमध्ये वारले. मोझार्ट तेव्हा व्हिएन्नात होता आणि १७८४ पासून स्वतःच्या रचनांची वही ठेवत होता: डाव्या पानावर तारीख आणि नाव, उजव्या पानावर सुरुवातीचे सूर. म्हणजे या वेळी तारखा आहेत. जी मायनरमधलं स्ट्रिंग क्विंटेट, मोझार्टच्या सर्वांत उदास रचनांपैकी एक, तिथे १६ मे ला नोंदवलेलं आहे. मृत्यूच्या बारा दिवस आधी. वही हरवली असती तर हे क्विंटेट वडिलांच्या शोकाचं म्हणून आज प्रसिद्ध असतं, पैज लावतो. (वडील आजारी असल्याचं त्याला एप्रिलमध्येच कळलं होतं, असा बचाव कुणी करेल. करू द्या, पण मग ‘नंतर’ सोडून द्यावं लागेल.) आणि बातमी कळल्यावरची पहिली नोंद? १४ जून, ‘संगीतातला विनोद’. अडाणी रचनाकारांची टिंगल करणारी, मुद्दाम चुकीच्या सुरांवर संपणारी रचना.

झालं, मानसशास्त्रीय अर्थ लावणाऱ्यांना मेजवानीच मिळाली. बाप मेला आणि मुलाने विनोद लिहिला: सूड, बंड, सुटकेचा निःश्वास, काय म्हणाल ते.

हा डोलारा कागदाने पाडला. अ‍ॅलन टायसन या ब्रिटिश अभ्यासकाने मोझार्टच्या हस्तलिखितांचे कागद एकेक करून तपासले. त्या काळी कागद हाताने, तारेच्या चाळणीसारख्या साच्यावर बनायचा. साच्यावर तारेचंच चिन्ह शिवलेलं असे, ते कागदात जलचिन्ह म्हणून उमटे. कारागीर जोडीने साचे वापरत, म्हणून प्रत्येक चिन्हाला एक जुळा भाऊ असतो, थोडासा वेगळा. तारा झिजत, सरकत, पुन्हा शिवल्या जात. शिवाय स्वरलेखनाच्या रेषा यंत्राने आखलेल्या, त्यांची एकूण उंची मिलिमीटरमध्ये मोजता येते. मोझार्ट कागद थोडाथोडा विकत घेई, तो संपला की दुसरा. म्हणजे ज्या जातीच्या कागदावर तारीख असलेल्या रचना आहेत, त्याच जातीच्या कागदावरच्या बिनतारखेच्या रचना साधारण त्याच काळातल्या. भूगर्भशास्त्रातले लोक जीवाश्मावरून खडकाच्या थराचं वय काढतात, तसंच हे. या पद्धतीने ‘विनोदा’चं लेखन वडिलांच्या मृत्यूच्या बरंच आधी सुरू झालेलं दिसलं. वहीतली तारीख काम संपल्याची होती, सुरू झाल्याची नव्हती. आपल्या लॅब नोटबुकमध्ये आलेख चिकटवल्याची तारीख आणि नमुना बनवल्याची तारीख यांत जो फरक असतो, तोच.

टायसनबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तो स्वतः वैद्यकशास्त्र शिकलेला मनोविश्लेषक होता आणि फ्रॉइडच्या इंग्रजी समग्र आवृत्तीच्या कामात सहसंपादक होता. बाप-मुलाच्या नात्यावर बोलायचा अधिकार इतरांपेक्षा त्याला जास्त होता. त्याने कागद उजेडासमोर धरणं पसंत केलं.

याचा अर्थ मोझार्टला वडिलांचं दुःख झालं नाही असा कुणी काढू नये. मित्र याकिनला पाठवलेल्या चिठ्ठीत आधी कामाच्या गोष्टी आहेत: नवा सोनाटा तुझ्या बहिणीला दे, जरा अवघड आहे, तिने लगेच सरावाला लागावं. मग निरोप घेऊन सही. आणि सहीच्या खाली, ताजा कलम म्हणून, आज घरी आल्यावर वडिलांच्या मृत्यूची बातमी मिळाली, माझी अवस्था तू समजू शकतोस. चिठ्ठीत सोनाटा वर आणि मृत्यू खाली, कारण बातमी त्या क्रमाने आली असावी. किंवा वरचं आधी लिहून उरकल्याशिवाय खालचं लिहिता आलं नसावं. चिठ्ठीवरून दोन्ही शक्य आहेत.

ती वही आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. चार हातांनी वाजवायचा तो अवघड सोनाटा तिथे २९ मेच्या तारखेने आहे. त्यानंतर २ जूनला मोझार्टने बहिणीला पत्र लिहिलं: साल्झबुर्गला येणं जमणार नाही, घरातल्या सामानाच्या लिलावाला हरकत नाही, पण आधी यादी पाठव. ४ जूनला त्याचा पाळलेला स्टारलिंग मेला, आपल्या साळुंकीच्या जातकुळीतला पक्षी. त्याच्यावर त्याने कविता लिहिली. वहीत मात्र २९ मेच्या खालची ओळ थेट १४ जूनची आहे. मधल्या पंधरा दिवसांची एकही नोंद नाही.