चर्नी रोडच्या बागेतील गुरुजी

दिवाळीत फराळाला मंडळी जमली, की घरातल्या शिकत्या मुलावर पहिला प्रश्न येऊन आदळतो, ‘‘काय रे, मार्क किती पडले?’’ १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झालेल्या एका मुलाला ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. आजच्या पाहुण्यांनी ‘‘बरं, बरं’’ म्हणून चकलीकडे हात वळविला असता! तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

त्या गुणांमागचे कष्ट गुणपत्रिकेत मावणारे नव्हते. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत होते. संस्कृत शिकण्याची हौस असूनही अस्पृश्य म्हणून ती भाषा नाकारली गेली आणि फारशी घ्यावी लागली.

मी शाळामास्तर, आणि माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकशीच थांबलेले. त्यामुळे ही हकीकत वाचताना माझी नजर त्या मुलाच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या एका मास्तरांकडे जाते. कृष्णराव अर्जुन केळूसकर हे विल्सन हायस्कुलातील शिक्षक आणि नावाजलेले चरित्रकार होते. भीमराव काही त्यांच्या वर्गातला नव्हे. संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत गुरुजी वाचीत बसत; तेथेच हा मुलगाही पुस्तकात डोके खुपसून बसलेला त्यांना दिसे. त्यांनी आपण होऊन त्याची विचारपूस केली. मदतीचा आरंभ झाला तो एवढ्यानेच.

पुढे भीमरावाच्या परीक्षेतील यशाबद्दल त्याच्या समाजबांधवांनी सत्कार करावयाचे ठरविले. मुलगा कौतुकाने शेफारेल म्हणून सुभेदार रामजी तयार होईनात. केळूसकरांनी त्यांची समजूत घातली. सत्काराच्या वेळी गुरुजींनी मुलाच्या हाती स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र ठेवले. बाबासाहेबांनीच पुढे ही आठवण लिहून ठेवली आहे. या पुस्तकावर काही कोणती परीक्षा व्हावयाची नव्हती!

भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेला. पण कॉलेजात पाऊल पडले म्हणजे पदवी हाती आली असे थोडेच आहे? इंटरपर्यंत मजल गेली आणि सुभेदारांचे हात टेकले. कितीतरी गरीब मुलांची गाडी नेमकी याच ठिकाणी थांबते. होतकरू अस्पृश्य विद्यार्थ्याला साह्य करण्याची तयारी बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी दाखविली होती. केळूसकरांनी महाराजांना शब्द टाकला आणि मुलाला त्यांच्यासमोर नेऊन उभे केले. महाराजांनी प्रश्न विचारले, भीमरावाने उत्तरे दिली. गुरुजींनी दार उघडून दिले. आत जाऊन बोलायचे ते मुलानेच. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. प्राध्यापक मुल्लर यांनी पुस्तके आणि कपडेही दिले. १९१२ साली भीमराव बी. ए. झाला आणि १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला.

यात केळूसकरांनी खर्चिले काय? बागेतल्या काही संध्याकाळी, एक पुस्तक आणि आपला शब्द! बुद्धी मुलाची होती, मेहनतही त्याचीच. पण बुद्धीला राजवाड्याची वाट ठाऊक नसते. आज प्रवेशाचे अर्ज संगणकावर भरतात, शिष्यवृत्तीसाठी दाखल्यांची चळत लागते. ज्याच्या घरात कॉलेज पाहिलेले कोणीच नाही, त्या मुलाला हे राजवाड्याइतकेच अवघड वाटते. अशा मुलाशेजारी बसून अर्जाचा एकेक रकाना समजावून देणारे, गरज पडली तर त्याच्याबरोबर कचेरीची पायरी चढणारे कोणीतरी लागतेच.

१९४६ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत कॉलेज काढले. नोकरी करून शिकू पाहणाऱ्या गरीब मुलांसाठी त्याचे वर्ग सकाळी भरत. त्या कॉलेजाचे नाव ‘सिद्धार्थ’. केळूसकर गुरुजी १९३४ सालीच निवर्तले होते. आपण भेट दिलेल्या पुस्तकाच्या नायकाचे नाव कॉलेजच्या दारावर लागलेले पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.